मालकच म्हणतोय, बँकेत जाऊ नका, हप्ते मलाच द्या

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही नवरा-बायको ओहायोत कोलंबसला असतो, दोघंही आयटीत, मी अजून एच-१बी ह्या कामाच्या व्हिसावरच आहे. रेंटलसाठी एक घर घ्यायचं बरेच दिवस मनात होतं. ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीतून इथले एक आजोबा भेटले, वय ७२, त्यांचं १९५६ सालचं तीन बेडरूमचं घर आहे, २५ वर्षं भाड्याने देतायत आणि आता त्यांना भाडेकरूंच्या मागे धावणं नको झालंय. ते म्हणतात बँकेत जाऊच नका, घर २,१०,००० डॉलर्सला घ्या, १० टक्के म्हणजे २१,००० आत्ता द्या आणि बाकीचे १,८९,००० मलाच साडेपाच टक्के व्याजाने फेडा. हप्ता ३० वर्षांच्या हिशोबाने, पण पाच वर्षं झाली की जे उरेल ते एकदम द्यायचं. बँक आम्हाला सव्वासात टक्के सांगतेय आणि वर २५ टक्के डाउन पेमेंट मागतेय. भाडं १,८०० येतं, हप्ता १,०७३, टॅक्स महिन्याला ३२५ आणि इन्शुरन्स १२५, म्हणजे महिन्याला २७७ हातात राहतात. आसपासची तशीच घरं हल्ली १,८५,००० ते १,९०,००० ला गेलीत, पण इथे व्याज कमी आहे ना. घराचं छप्पर २२ वर्षांचं आहे, फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) ही जुनी आहे. घरावर आजोबांचं ४०,००० च्या आसपास जुनं लोन आहे, ते म्हणतात ते मी भरत राहीन, तुम्ही काळजी करू नका. कागद त्यांनी दिलाय, वर लँड कॉन्ट्रॅक्ट असं लिहिलंय. आमचं सेव्हिंग ५५,००० आहे, त्यातले २१,००० गेले तर उरलेल्यात लगेच दुसरं घर बघावं असं चाललंय. पहिलंच डील आहे, नक्की काय काय बघायचं?

उत्तर : सही करू नका. कधीच करू नका असं नाही म्हणत, पण हा कागद आणि हे आकडे असे आहेत तोपर्यंत नको. तुम्ही सगळे आकडे दिलेत ते फार बरं केलंत, त्यामुळे नीट सांगता येईल, मला येणाऱ्या बऱ्याच पत्रांत फक्त 'रेट चांगला आहे ना' एवढंच असतं.

आधी ते २७७ बघू. हे खरे नाहीत, म्हणजे तुमची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे पण त्यात घर कधी रिकामं राहत नाही, काही मोडत नाही आणि कुणी ते सांभाळतही नाही असं धरलंय. १९५६ चं घर आहे. वर्षातला जवळजवळ एक महिना रिकामा जाईल असं धरा, म्हणजे ८ टक्के, १४४ डॉलर्स महिन्याला. नळ, ड्रायर, तुंबलेलं सिंक, रंग, ह्या किरकोळ दुरुस्त्यांना अजून ८ टक्के, परत १४४. छप्पर, फर्नेस, वॉटर हीटर असल्या मोठ्या गोष्टींसाठी दर महिन्याला बाजूला टाकायचे अजून १४४. आणि मॅनेजमेंट कंपनीला दिलंत तर १० टक्के, १८०. टॅक्स आणि इन्शुरन्सचे ४५० ह्यात मिळवा, एकूण खर्च १,०६२ झाला. भाड्यातून हप्त्यासाठी उरले ७३८ आणि हप्ता आहे १,०७३. म्हणजे दर महिन्याला ३३५ डॉलर्स तुमच्या पगारातून ह्या घरात जाणार, आणि स्वतः सांभाळलंत, रात्री अकराला भाडेकरूचा फोन तुम्हीच उचललात, तरी १५५ जाणारच. पाच वर्षं ३३५ म्हणजे वीस हजारांच्या वर. टॅक्सचंही एक बघा, ओहायोत दर सहा वर्षांनी काउंटी घरांचं मूल्यांकन नव्याने करते आणि मधल्या तिसऱ्या वर्षी आकडे अपडेट करते, त्यामुळे आजचं ३२५ पाच वर्षं तसंच राहील असं धरून चालू नका. काउंटी ऑडिटरच्या साइटवर पत्ता टाकला की त्या घराचा मागचा सगळा टॅक्स दिसतो, आज रात्रीच बघा.

आता व्याज कमी आहे म्हणून किंमत जास्त दिली तर काय, हा तुमचा मूळ मुद्दा. तोही आकड्यातच तपासू. १,८९,००० वर साडेपाचने हप्ता १,०७३, सव्वासातने १,२८९, फरक २१६. साठ महिन्यांत तेरा हजाराच्या आसपास वाचतात, आणि कमी व्याजात मुद्दलही थोडं जास्त फिटतं ते धरलं तर फायदा साधारण साडेसोळा हजारांचा. आणि किंमत किती जास्त देताय? घर आज १,८८,००० चं धरलं तर २२,०००. साडेसोळा मिळवायला बावीस द्यायचे, आणि ते बावीस पहिल्याच दिवशी कर्जात चढतात, साडेसोळा मात्र पाच वर्षं थोडे थोडे येणार. हेच व्याज पूर्ण ३० वर्षं असतं तर मी वेगळं बोलले असते. कमी व्याजाची किंमत ते किती वर्षं मिळणार ह्यावर असते आणि तुम्हाला ते फक्त पाच वर्षं मिळतंय. डाउन कमी लागतंय हा फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही, पण डाउन कमी म्हणजे कर्ज जास्त हेही त्याच्याबरोबरच येतं.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती त्या पाच वर्षांनंतरच्या एकरकमी पैशाची, इथे त्याला बलून म्हणतात. लोक रेटकडे बघतात, किमतीकडे बघतात, आणि बलूनचं म्हणतात की तेव्हा रिफायनान्स करू, म्हणजे नवं लोन काढून जुनं फेडू. करू म्हणजे कसं करू ते आजच मांडून बघायचं असतं. साठ हप्त्यांत तुम्ही आजोबांना ६४,३८७ डॉलर्स दिलेले असतील आणि त्यातले मुद्दलात गेलेले असतील फक्त १४,२५० च्या आसपास, सुरुवातीच्या वर्षांत हप्ता बहुतेक व्याजातच जातो. उरलेलं कर्ज १,७४,७५०. रेंटल घरावर बँक किमतीच्या ७५ टक्के देते असं धरा, तुम्हालाही ती २५ टक्के डाउन मागतेयच, तर १,७४,७५० चं लोन मिळायला बँकेच्या अप्रेझलमध्ये, म्हणजे मूल्यांकनात, घर २,३३,००० चं निघायला हवं. आजचं १,८८,००० चं घर पाच वर्षांत २,३३,००० चं व्हायचं म्हणजे दर वर्षी न चुकता ४.४ टक्क्यांनी वाढायला हवं. होईलही, पण नाही झालं तर? दोनच टक्क्यांनी वाढलं तर घर २,०७,५०० च्या आसपास, बँक देणार १,५५,६००, म्हणजे खिशातून १९,००० आणि वर क्लोजिंगचा, म्हणजे व्यवहाराच्या कागदपत्रांचा, खर्च. आणि तेव्हा रेट काय असतील ते आज कुणालाच सांगता येणार नाही. २०२१ मध्ये घरासाठी ३० वर्षांचं लोन तीन टक्क्यांच्या आसपास मिळत होतं आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तेच आठ टक्क्यांपर्यंत जाऊन आलं, तेव्हा ज्यांचे बलून आले त्यांची काय तारांबळ झाली असेल विचार करा. बलून वेळेवर दिला नाही तर तो सरळ डिफॉल्ट असतो, पाच वर्षं एकही हप्ता न चुकवलेल्या माणसाचाही. आणि एच-१बी वर नोकरी गेली तर पुढचं काही ठरवायला जास्तीत जास्त ६० दिवस असतात, त्या ६० दिवसांत बलून आला तर बँक तुम्हाला दारात उभं करणार नाही.

म्हणून मी दहा वर्षांच्या आत बलून असलेलं पहिलं घर कुणालाच घ्या म्हणत नाही. विकणारा पाचवर अडून बसला तर निदान हप्ते वेळेवर दिले असतील तर बलून दोन वेळा एकेक वर्ष पुढे ढकलता येईल असं कागदातच लिहून घ्यायचं. 'बघू तेव्हा, मी काय तुम्हाला रस्त्यावर आणणार आहे का' असं आजोबा म्हणतील, मनापासूनही म्हणत असतील, पण ते ७२ वर्षांचे आहेत, पाच वर्षांनी तुम्ही कदाचित त्यांच्या मुलांशी बोलत असाल.

आता लँड कॉन्ट्रॅक्ट. ह्यावर जरा जास्त बोलते कारण हे मी स्वतः भोगलंय. सेलरने कर्ज द्यायचे दोन मोठे प्रकार आहेत. एकात क्लोजिंगच्या दिवशीच डीड, म्हणजे मालकीचा कागद, तुमच्या नावावर होते, तुम्ही सेलरला प्रॉमिसरी नोट, म्हणजे पैसे फेडायचं लेखी वचन, लिहून देता आणि घर त्याच्याकडे गहाण ठेवता, म्हणजे तो बँकेच्या जागी येतो एवढंच. दुसऱ्यात, म्हणजे लँड कॉन्ट्रॅक्टमध्ये, तुम्ही हप्ते भरता, टॅक्स भरता, छप्पर बदलता, पण शेवटचा हप्ता जाईपर्यंत घर त्याच्याच नावावर असतं. ओहायोत ह्याला वेगळा कायदा आहे, कॉन्ट्रॅक्ट सही झाल्यापासून २० दिवसांत काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवायचं बंधन विकणाऱ्यावर आहे, आणि ज्याने पाच वर्षं हप्ते भरलेत किंवा किमतीच्या २० टक्के भरलेत त्याला बाहेर काढायला विकणाऱ्याला कोर्टामार्फत रीतसर फोरक्लोजरच, म्हणजे घराची जप्ती, करावं लागतं. ह्याचा दुसरा अर्थ नीट वाचा, त्याच्या आत चुकलात तर तुलनेने सोप्या वाटेने घर परत घेता येतं आणि भरलेले पैसे जातात. तुमचा बलूनही पाच वर्षांचाच आहे, म्हणजे हे संरक्षण लागू होतं न होतं तोच तो येणार.

माझं स्वतःचं दुसरं रेंटल घर डेटनला होतं, २०११ साली असंच लँड कॉन्ट्रॅक्टवर घेतलेलं. विकणारा अतिशय गोड माणूस, दर ख्रिसमसला कार्ड पाठवायचा. त्याचं लोन होतं घरावर, मी भरतोय म्हणाला, मी मान डोलावली. चौदा महिने मी पहिल्या तारखेला चेक पाठवला. मग एका दुपारी माझ्या भाडेकरूने फोनवर एक फोटो पाठवला, दाराला टेपने चिकटवलेला कागद, कोर्टाचा, आणि खाली तिने लिहिलेलं, आम्हाला घर सोडायचंय का? त्या माणसाने सात महिने बँकेत एक पैसा भरला नव्हता. माझ्या चेकांचं त्याने काय केलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. थकबाकी आणि बँकेच्या वकिलाची फी मी दिराकडून उसने घेऊन भरली तेव्हा घर वाचलं, आणि त्या भाडेकरू बाईच्या दोन लहान मुलांच्या शाळेचं वर्ष मध्येच तुटलं नाही, मला त्या दिवशी खरं हायसं वाटलं ते त्याचं.

तर आजोबांच्या त्या ४०,००० बद्दल. ते भरतीलही, पण प्रश्न फक्त त्यांच्या शब्दाचा नाही. इथल्या जवळजवळ प्रत्येक लोनमध्ये ड्यू-ऑन-सेल नावाची अट असते, घर दुसऱ्याला दिलं की बँक सगळं लोन एकदम मागू शकते, आणि १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने बँकांना ही अट बजावायचा हक्क पक्का करून दिलाय. हप्ते येत असतील तर बऱ्याचदा बँक काही म्हणत नाही हे खरं आहे, पण मागितलेच तर ते ४०,००० तुम्हाला उभे करावे लागतील किंवा घर जाईल. लोन छोटं आहे, क्लोजिंगच्या दिवशीच फेडून टाका. कसं ते पुढे सांगते.

कागदाआधी घर बघा हो. पैसे गेले तरी चालतील पण इन्स्पेक्टर आणा, आणि १९५० च्या दशकातलं घर आहे तर सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा घालणारा वेगळा माणूस आणा, त्या काळचे मातीचे पाइप असतात, त्यांच्या सांध्यांतून झाडांची मुळं आत शिरतात आणि अंगण खणून पाइप बदलायचा म्हणजे हजारो डॉलर्स. एकदा मी एका घराच्या बेसमेंटमध्ये उतरले, भिंतीला ताजा पांढरा रंग, पण फक्त कमरेपर्यंत, वर तसाच जुना पिवळट. कोपऱ्यात डिह्युमिडिफायर घरघरत होता, फेब्रुवारीत. मी फर्नेसच्या मागे वाकून बघितलं, तिथे ब्रश पोचला नव्हता, आणि भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ स्पष्ट होती, खाली पत्र्याला गंज. मालक वरून विचारत होते कॉफी घेणार का. अशी रेघ शोधा. भाड्याचंही तसंच, १,८०० येतात हे आजोबांचं म्हणणं झालं, लीजची कॉपी घ्या, मागच्या वर्षभरात बँकेत भाडं जमा झाल्याचं बघा आणि भाडेकरूकडून भाडं किती, डिपॉझिट किती, आगाऊ काही दिलंय का हे सही करून लिहून घ्या. घर १९७८ च्या आधीचं आहे, तर शिशाच्या रंगाबद्दलचा खुलासाही विकणाऱ्याने लेखी द्यायचा असतो.

मग करायचं काय, डील सोडायचं? आधी एक ऑफर देऊन बघा. किंमत अशी काढा: १,८८,००० मधून छपराचे १२,००० आणि फर्नेसचे ६,००० वजा, राहिले १,७०,०००. हे मी अंदाजाने धरलेत, तुम्ही खरे कोटेशन आणून ते टाका. डाउन २१ ऐवजी २५,००० द्या, आणि अट अशी की त्यात आजोबांनी स्वतःचे १५,००० घालून ते ४०,००० चं लोन टायटल कंपनीमार्फत (मालकीचे कागद तपासून व्यवहाराचे पैसे हाताळणारी कंपनी) त्याच दिवशी बंद करायचं. राहिलेले १,४५,००० पाच टक्क्यांनी, ३० वर्षांच्या हिशोबाने, बलून दहा वर्षांनी, आधी फेडलं तर दंड नाही. हप्ता येतो ७७८. स्वतः सांभाळलंत तर महिन्याला १४० सुटतात, मॅनेजमेंट कंपनी लावली तर ४० खिशातून जातात. फार मोठी कमाई नाही, पण घर स्वतःच्या पायावर जवळजवळ उभं राहतं आणि छपराचे पैसे आधीच किमतीत पकडलेत. पाचच्या फार खाली व्याज मागू नका, आयआरएस दर महिन्याला एएफआर म्हणून किमान दर जाहीर करते, त्याच्या खाली गेलात की किमतीतलाच काही भाग व्याज धरला जातो आणि दोघांचा टॅक्स गुंतागुंतीचा होतो.

आजोबा हे का ऐकतील? कारण त्यांचाही ह्यात फायदा आहे. रोख विकलं तर २५ वर्षांचा सगळा नफा एकाच वर्षाच्या टॅक्समध्ये येतो, हप्त्याने विकलं तर तो वर्षांवर पसरतो, आणि दरमहा व्याज मिळतं ते वेगळं. एक गोष्ट मात्र आहे, इतकी वर्षं त्यांनी घराचा जो घसारा (घर जुनं होत जातं त्याची दरवर्षीची वजावट) दाखवला असेल तेवढा नफा सुरुवातीच्या पैशांत आधी मोजला जातो आणि त्यावर टॅक्सचा दर बहुधा जास्त असतो. म्हणजे पहिल्या वर्षी डाउनमधल्या नफ्याचा टॅक्स भरायला त्यांना हातात रोख लागणार, आणि माझ्या ऑफरमध्ये ती राहत नाही, उलट पंधरा हजार घालायचेत. त्यामुळे आधी त्यांना त्यांच्या सीपीएकडे (टॅक्स बघणारा अकाउंटंट) जाऊन आकडा काढायला सांगा. तो आकडा मोठा निघाला तर डाउन दोन-चार हजारांनी वाढवायची तयारी ठेवा, पण किंमत वाढवू नका. आणि हे त्यांना समोर बसून, कागदावर, शांतपणे दाखवा. पंचवीस वर्षं घर सांभाळलेला माणूस आकडे समजतो. तरीही २,१०,००० आणि पाच वर्षं ह्यावरच अडले तर आभार मानून निघा.

हो म्हणाले तर रिअल इस्टेटचा वकील तुमचा वेगळा हवा, त्यांचा तोच तुमचा नको. टायटल सर्च करा, म्हणजे मालकीचे जुने कागद तपासून घ्या, मालकीवर वाद निघाला तर संरक्षण म्हणून ओनर्स टायटल इन्शुरन्स घ्या, डीड, नोट आणि मॉर्गेज (गहाणखत) तिन्ही वकिलाकडून करून घ्या, डीड आणि मॉर्गेजची काउंटीत नोंद करा. हप्ते थेट आजोबांना देऊ नका, लोन सर्व्हिसिंग कंपनीमार्फत द्या, म्हणजे किती भरलं आणि किती उरलं ह्याचा तिसऱ्याकडे हिशोब राहतो, उद्या त्यांच्या मुलांशी वाद होत नाही. उशीर झाला तर किती दिवसांची सूट, चूक दुरुस्त करायला किती मुदत, आणि त्यांना ही नोट दुसऱ्याला विकायची झाली तर आधी तुम्हाला विचारायचं, हे तिन्ही लिहून घ्या.

आणि दुसरं घर लगेच नको. ५५,००० मधून २५,००० डाउन, ३,००० क्लोजिंग धरा, छपराला १२,०००, राहिले १५,०००, त्यातून फर्नेस कुठल्या तरी जानेवारीत बंद पडली की ६,०००. राहिलेले नऊ हजार तुमचे, नोकरी गेली किंवा भाडेकरू गेला तर हप्ता, टॅक्स, इन्शुरन्स सगळं धरून सात महिने घर धरून ठेवण्यासाठी. त्यांना हात लावायचा नाही.

प्रश्न : ताई, नाशिकला एक टू बीएचके फ्लॅट बघितलाय. तसे फ्लॅट ३८ लाखांना जातात, मालक ४२ सांगतात, पण म्हणतात १२ लाख आत्ता द्या आणि ३० लाख दरमहा ५०,००० असे पाच वर्षांत द्या, व्याज काही नको. ताबा लगेच. साठेखत नोटरीकडे करू म्हणतात, रजिस्ट्रेशन शेवटी खरेदीखताला. माझे बाबा म्हणतात फसवणूक आहे. आहे का?

उत्तर : बाबांना सांगा की भाव फसवा नाही, कागद कच्चा आहे.

भाव बघा. बिनव्याजी ५०,००० साठ महिने, बँकेचं व्याज ९ टक्के धरलं तर त्या सगळ्या हप्त्यांची आजची किंमत साधारण २४ लाख होते. बारा आणि चोवीस छत्तीस. म्हणजे ४२ लाख दिसत असले तरी तुम्ही आजच्या पैशात ३६ लाखच देताय, बाजारभावापेक्षा कमीच. महिन्याला ५०,००० तुम्हाला पाच वर्षं झेपणार असतील तर ह्या बाजूने डील चांगलं आहे, आणि शेवटी एकरकमी काही द्यायचं नाही हे तर फारच चांगलं.

पण नोटरीवर १२ लाख देऊन ताबा घेऊ नका. ताबा देणारा करार असला तरी तो नोंदवलेला नसेल तर त्या ताब्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं जे संरक्षण मिळतं ते २००१ पासून मिळत नाही. उद्या मालकांनी तोच फ्लॅट दुसऱ्याला रजिस्टर करून दिला किंवा त्यावर कर्ज काढलं तर इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यात, तुमचं नावच नाही. म्हणून साठेखत सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायचं. ताब्यासकट साठेखताला महाराष्ट्रात पूर्ण स्टॅम्प ड्युटी तिथेच भरावी लागते, म्हणूनच बरेचदा मालक आणि घेणारा दोघंही नोटरीकडे वळतात, पण ती कधी ना कधी भरायचीच आहे, आणि साठेखताला भरली की खरेदीखताला परत तेवढी लागत नाही. काही जण कुलमुखत्यारपत्र करून देतो म्हणतात, त्याने मालकी येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय.

वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, सोसायटीची एनओसी आणि थकबाकी नसल्याचं पत्र घ्या, फ्लॅटवर बँकेचं कर्ज असेल तर तुमच्या १२ लाखांतून ते आधी बंद करून बँकेकडून मूळ कागद सुटल्याचं बघा. सगळे पैसे चेकने किंवा बँक ट्रान्स्फरने, मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने चालत नाही. किंमत ५० लाखांच्या खाली आहे त्यामुळे १ टक्का टीडीएसची भानगड तुम्हाला नाही.

आणि पाच वर्षं हा मोठा काळ आहे. मालकांच्या पत्नीला आणि सज्ञान मुलांना साठेखतात संमती देणारे म्हणून सही करायला बोलवा, आणि शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून ३० दिवसांत मालक किंवा त्यांचे वारस खरेदीखत करून देतील असं त्यात स्पष्ट लिहा. मालकांनी रजिस्ट्रेशनला हो म्हटलं तर स्टॅम्प ड्युटीचे पैसे तयार ठेवा आणि आठवड्याभरात तारीख घ्या. नाही म्हणाले तर ते १२ लाख बँकेतच राहू द्या.